सगळी पात्रं दुष्ट असलेली मोहीम मोडायला आलीय, सांभाळायची कशी?

माचीवरून

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

साताऱ्यात माची पेठेत आमच्या माडीवर दर रविवारी दुपारी आम्ही सहा जण टेबलटॉप रोलप्ले खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेका पात्राच्या भूमिकेत शिरून गोष्ट घडवायचा खेळ. मी सूत्रधार, म्हणजे डीएम, गोष्ट आणि बाकीचं सगळं गाव चालवणारा. बाकी पाच खेळाडू, सगळे शाळेपासूनचे मित्रमैत्रिणी. दोन वर्षं नेहमीच्या मोहिमा झाल्या. गाव वाचवा, राक्षस मारा, खजिना आणा. दिवाळीत एकजण म्हणाला, कायम आपणच का वाचवायचं, एकदा वाईट माणसं होऊन बघू की. सगळ्यांनी उचलून धरलं. मलाही पटलं, कारण सूत्रधार म्हणून मला खलनायक रंगवायलाच सगळ्यात जास्त आवडतं.

गाव काल्पनिक घेतलं, नाव पेवगाव. नदीकाठची हळदीची पेठ, जमिनीखाली पेवं, म्हणजे हळद साठवायची भुयारी कोठारं, वर अडत्यांची दुकानं, घाटाच्या तोंडाशी जकात नाका. नियम डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे. पात्रं पाच: सावकाराचा दिवाणजी, जकात नाक्यावरचा नाईक, विष देणारी वैदीण, भाडोत्री शिपाई आणि स्मशानातला मांत्रिक. हेतू एकच ठरवला होता, पेवगाव ताब्यात घ्यायचं.

पहिली चार सत्रं इतकी रंगली की रात्रीचं जेवण विसरायचो. दिवाणजीनं एका अडत्याला त्याच्याच सहीत अडकवलं, तो डाव मी आयुष्यात विसरणार नाही. पाचव्या सत्रात पावसात धनगरांनी पाचही जणांना आसरा दिला, जेवू घातलं. सकाळी निघताना शिपायानं त्यांचा वाडा पेटवून दिला. का, तर ‘माझं पात्र केऑटिक ईव्हिल (खेळाच्या भाषेत बेलगाम दुष्ट) आहे, ते असंच वागणार.’ मी त्या आगीचं वर्णन केलं, आणि रंगवून केलं. नाइकाची भूमिका करणारी मैत्रीण पुढचा तासभर एक शब्द बोलली नाही. सहाव्या सत्रात वैदीणीनं मांत्रिकाला विष घातलं आणि तो मेला. ते पात्र खेळणारा मित्र उठून घरी गेला, तो तीन रविवार झाले आलेला नाही.

बंद करावी का? का अजून काही करता येईल? मला मोहीम हवी आहे, पण त्याहून जास्त ते पाच जण हवे आहेत.


घाटरस्ता

बंद करा असं माझं स्पष्ट मत. आम्ही कराडात असा प्रयोग केला होता, तिसऱ्या सत्रात संपवला आणि परत चांगल्या बाजूनं खेळायला लागलो. मैत्री टिकली. वाईट पात्रं एका दुपारीपुरती ठीक असतात, महिनोन्‌महिने त्यांच्या कातडीत राहिलं की टेबलावरचं टेबलावर राहत नाही.


हळदगंध

माचीवरून, एवढ्यात बंद करू नका. मी हरिपूरची. आमची अशीच मोहीम अकरा महिने चालली, सव्वीस सत्रं. दोनदा मोडता मोडता राहिली, त्यामुळे तुमची ती दुपार मला डोळ्यासमोर दिसते.

तुमच्या लिहिण्यातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘हेतू एकच, पेवगाव ताब्यात घ्यायचं.’ ताब्यात घेऊन दिवाणजीला काय पाहिजे? वैदीणीला काय पाहिजे? नेहमीच्या मोहिमेत हा प्रश्न पडत नाही, कारण संकट बाहेरून चालून येतं. राक्षस गावावर येतो, सगळे धावतात. दुष्टांच्या मोहिमेत हे सगळं उलटं होतं. डाव खेळाडूंनी रचायचा आणि त्याला उत्तर गावानं द्यायचं, आणि गाव म्हणजे तुम्ही. ज्या पात्राला मनापासून काहीच नको असतं त्याला त्या दुपारी करण्यासारखं काही उरत नाही, मग त्याच्या हातात काडेपेटी येते. तुमच्या शिपायाचं तेच झालं असं मला वाटतं.

आता ते केऑटिक ईव्हिल. १९७४ मध्ये डी अँड डी आलं तेव्हा पात्राला तीनच बाजू होत्या: कायदा, तटस्थ आणि गोंधळ. चांगलं-वाईट नंतर जोडलं गेलं आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात त्याच्या नऊ चौकटी झाल्या. त्या चौकटीवरून माणूस साधारण कसा वागेल ते कळतं, कशासाठी वागेल ते कळत नाही. आम्ही कॅरेक्टर शीटवरची ती जागा खोडली आणि तिथे दोन ओळी लिहायला लावल्या. एक, मला काय पाहिजे. दोन, मी कोणाला हात लावणार नाही. दुसरी ओळ लिहायला लोकांना जास्त वेळ लागतो. आमच्यातल्या दरोडेखोरानं लिहिलं होतं, ‘शाळेच्या मास्तरांना’. आणि आमच्या गावात पहिली फिर्याद मास्तरांनीच लिहून दिली! त्या एका ओळीवर चार सत्रं उभी राहिली.

आणि आमची वही. हे मी सगळ्यांना सांगत असते. लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी, बाजारात मिळते तीच. पात्रांनी कोणाचं वाईट केलं की त्या माणसाचं नाव, वय, काय गेलं, ते त्या वहीत लिहायचं. लिहायचं ज्यानं केलं त्यानं, सूत्रधारानं नाही. पुढच्या सत्राची सुरुवात मागचं पान मोठ्यानं वाचून. पहिल्या दोन वेळी सगळे हसले. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही आणि तिथून आमचा खेळ खरा सुरू झाला. निनावी ‘गावकरी’ मारायला काही वाटत नाही. ‘सोनाबाई, वय साठ, एक म्हैस’ म्हटलं की हात थबकतो. थबकून सुद्धा तो माणूस ते करतो तेव्हा ते खलनायकाचं पात्र होतं.

वहीची कल्पना मला सुचली ती १८७५ च्या दंग्यांवरून. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती खतं, म्हणजे कर्जाचे कागद. कागद मुकाट्यानं हाती दिले तिथे बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात लागला नाही. कागद पेटवले आणि लोक घरी गेले. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. गाव चिडतं तेव्हा नेमकं काय मागतं, हे मी त्यातून शिकले. आमच्या शेवटच्या सत्रात अख्खं गाव मशाली घेऊन आलं ते वही मागायला. टेबलावरची ती खरी लाल वही. द्यायची का लढायचं, यावर माझे खेळाडू अडीच तास बोलत होते. मी त्या अडीच तासांत फासा उचलला नाही.

विषाबद्दल एवढंच. आमच्याकडे पात्रं एकमेकांना फसवू शकत होती, पण ज्याच्यावर वार होणार तो खेळाडू आधी ‘चालेल’ म्हणायचा. त्यानं म्हटलं तरच फासा पडायचा. यानं मजा जाते असं वाटतं, तसं होत नाही. स्वतःच्या पात्राचा घात कसा व्हावा हे तो खेळाडूच इतकं सुंदर सुचवतो की बाकीचे बघत राहतात.


तंतुवाद्य

मिरजेहून. हळदगंधताईंची वही झकासच, मी नियमांच्या बाजूनं थोडी भर घालतो.

डी अँड डीचे नियम लढाईसाठी फार चांगले आहेत, पण वाईट काम केल्याचा परिणाम मोजायला त्यात सोय नाही. त्यासाठी ‘ब्लेड्स इन द डार्क’मधली हीट, म्हणजे टोळीमागे लागणारा ससेमिरा, उचला. २०१७ चा खेळ, जॉन हार्परचा, त्यात सगळे खेळाडू एका गुन्हेगार टोळीतले असतात. प्रत्येक कामानंतर टोळीवर हीट चढते: बिनबोभाट झालं तर शून्य, आवरतं झालं तर २, गाजावाजा झाला तर ४, धुमाकूळ झाला तर ६. माणूस मेला तर वर आणखी २. नऊ घरं भरली की पाठलागाची पातळी एकनं वाढते आणि घरं पुन्हा रिकामी होतात. ती पातळी खाली आणायची तर टोळीतल्या कोणीतरी तुरुंगात जाऊन यायचं. आता तुमचा वाडा या हिशोबात घाला. धुमाकुळाचे सहा आणि आत माणसं गेली असं धरून वर दोन, आठ. एका सकाळीत नऊतली आठ घरं, आणि हाती काय आलं तर राख. हा आकडा समोर कागदावर दिसला असता तर दिवाणजीनंच शिपायाचा हात धरला असता. सूत्रधारानं ओरडायची गरज पडली नसती.

दुसरं म्हणजे घड्याळं. गोल काढायचा, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि गाव काय करतंय ते वर लिहायचं. ‘जकातीच्या हिशोबाची तपासणी’, सहा भाग. ‘अडत्याची बहीण पुरावे गोळा करतेय’, आठ भाग. प्रत्येक सत्रात एखाददुसरा भाग काळा करायचा, आणि तोही सगळ्यांसमोर. हळदगंधताई म्हणाल्या तसं गाव म्हणजे सूत्रधार, आणि गावाला हातपाय या गोलांनी येतात.

एकमेकांवर उलटण्याबद्दल: टोळी टिकते ती एकतर समाईक भीतीनं, नाहीतर समाईक कर्जानं. २००३ मध्ये आलेल्या ‘माय लाइफ विथ मास्टर’ नावाच्या छोट्या खेळात सगळे खेळाडू एका क्रूर मालकाचे नोकर असतात. मालक सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला, त्यामुळे नोकरांचं लक्ष एकमेकांपेक्षा त्याच्याकडे जास्त. तुमच्या दिवाणजीचा सावकार कुठे आहे? तो एकदा दारात येऊन उभा राहू द्या.

१९९१ च्या ‘व्हँपायर: द मॅस्करेड’मध्ये माणुसकीचा आकडा असतो, तो वाईट कृत्यांनी घसरत जातो आणि शून्यावर आला की पात्र खेळाडूच्या हातातून जातं. तोही मार्ग आहे, पण तुमच्या टेबलाला मी आत्ता सुचवणार नाही. एक मित्र दुखावलेला असताना माणुसकीचे गुण देत बसणं बरं दिसत नाही.


वेण्णाकाठ

फार चांगली चर्चा. मी साताऱ्याचाच, इतिहास वाचणारा माणूस, दोनेक वर्षांपासून हा खेळ चालवतो. हाच विषय डोक्यात आहे म्हणून विचारतो. १९४३ ते १९४६ या काळात आपल्या जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजच्या सांगलीचाही मोठा भाग. गावोगाव न्यायनिवाडे, तुफान सेना, आणि समोर इंग्रजांचे पोलीस, त्यांचे खबरे, गावगुंड. खेळाडूंनी खबरे व्हायचं अशी मोहीम मला करायची आहे. भूगोल ओळखीचा, डाव खरा, आणि दुष्ट बाजू कुठली याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. कसं वाटतं?


कुंडलचा नातू

वेण्णाकाठ, तुमच्या वाचनाबद्दल आदर ठेवून लिहितो. मला हे नको वाटतं.

माझी आजी उसात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवायची. डोक्यावर वैरणीचा भारा, भाऱ्यात भाकरी. खबऱ्याच्या एका शब्दावर पोलीस घरात घुसायचे, धान्याच्या कणग्या पालथ्या व्हायच्या. आमच्याकडे लोकांनी प्रतिसरकारचं पत्री सरकार केलं ते खबऱ्यांच्या तळपायांवर पडणाऱ्या मारावरून, एवढा राग होता. कुठल्या घरातून खबर गेली ते गावातल्या म्हाताऱ्यांना अजून माहीत आहे. त्या घरांतली नातवंडं माझ्याबरोबर शाळेत होती, चांगली मुलं आहेत, त्यांनी काय केलंय?

तुम्ही टेबलावर खबऱ्या खेळायला बसाल तेव्हा गाव कुठलं घ्याल? आडनाव कुठलं घ्याल? सगळं बदललं तरी आपल्या भागात ऐकणारा माणूस मनात एक घर धरतोच. माचीवरून यांनी पेवगाव काल्पनिक घेतलं हे मला म्हणूनच आवडलं.


वेण्णाकाठ

तुमच्या आजीबद्दल वाचून थांबलो, मग दोन दिवसांनी लिहितोय. शाळेतल्या मुलांचं तुम्ही लिहिलंत, तो विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. जिल्हा आणि वर्ष दोन्ही बदलतो.

पण एक गोष्ट मला सोडवत नाही. खबऱ्या होणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला किंवा गांजलेला असतो. शूरांच्या बाजूनं आपण शंभर वेळा खेळलो. तो माणूस पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढतो तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही असं मला वाटतं.


कुंडलचा नातू

ती भीती समजून घ्यायला माझी हरकत नाही. खबर दिल्यावर बक्षीस मिळतं आणि टेबलाभोवती टाळ्या पडतात, त्याला आहे. दुष्टांच्या मोहिमेत फासा चांगला पडला की माणूस आनंदानं ओरडतोच, मीही ओरडलोय. त्या ओरडण्याच्या पलीकडच्या टोकाला माझी आजी नको.


शाहूपुरीतली आई

मी हा खेळ खेळत नाही. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याच्या मित्रांबरोबर आमच्या हॉलमध्ये खेळतो. परवा स्वयंपाकघरातून ऐकलं, तो शांतपणे म्हणत होता, ‘म्हातारीला आधी विश्वासात घेऊ, मग घर लिहून घेऊ.’ माझ्या हातातलं लाटणं थांबलं. हा धागा त्यानंच दाखवला, आई हे वाच म्हणून. वाचलं. पण मनापासून विचारते, पोरांनी हे का खेळावं?


हळदगंध

ताई, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. माझ्याही आईनं विचारलं होतं.

मी सांगलीकर म्हणून उत्तर देते. १८४३ मध्ये आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. त्या नाटकांची पद्धत बघा. सूत्रधार पदं गायचा, कथा पुढे न्यायचा, आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी सुचेल तशी बोलायची. लिहून दिलेली वाक्यं नसत. एक सूत्रधार, बाकीचे सुचेल ते बोलणारे: आमचा खेळ याहून फार वेगळा नाही, म्हणून मी डीएमला सूत्रधारच म्हणते. आणि त्या नाटकांत राक्षसांची पार्टी असायची. ते ‘अलल डुर्र’ अशा आरोळ्या ठोकत रंगमंचावर यायचे, लोक दचकायचे आणि त्यांचीच वाट बघायचे. राक्षसाचं सोंग घेणारा कोणीतरी गावातलाच माणूस. रात्री राक्षस, सकाळी घरी.

सोंग उतरवायची जागा मात्र पाहिजे, हे खरं. नाटकवाल्याला रंग पुसावा लागायचा, तेवढ्या वेळात तो परत माणसात यायचा. आमच्या टेबलावर रंग नसतो, म्हणून आम्ही सत्र संपल्यावर दहा मिनिटं पात्राबद्दल ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणूनच बोलतो, ‘मी’ म्हणायचं नाही. ‘मी म्हातारीला फसवलं’ नाही, ‘दिवाणजीनं फसवलं’. मग भडंग येतं, चहा येतो. मुलाला सांगून बघा.

त्यानं तुम्हाला धागा दाखवला, यात सगळं आलं. लपवायचं असतं तर दाखवला नसता.


शाहूपुरीतली आई

विचारलं त्याला. म्हणाला, ती म्हातारी सुद्धा त्याच्याच मित्रानं रंगवलीय आणि ती सगळ्यांना पुरून उरणार आहे. रविवारी पोरांसाठी पुऱ्या करणार आहे, तेव्हा बाहेर बसून ऐकेन.


रिकामा फासा

मी तो मांत्रिक. म्हणजे मांत्रिक खेळणारा. कोणीतरी धाग्याची लिंक पाठवली.

वर बरेच जण धरून चालले आहेत की पात्र मेलं म्हणून मी गेलो. मांत्रिक मेला याचं मला वाईट वाटलं, पण ते चालतं, दुष्टांच्या मोहिमेत मरण येणारच. मला लागलं ते वेगळं. विषाचं ठरलं होतं व्हॉट्सॅपवर, आठवडाभर आधी. वैदीण, दिवाणजी, शिपाई आणि सूत्रधार. त्या रविवारी मी कंदी पेढे घेऊन आलो होतो, नोकरी लागल्याचे. सगळ्यांनी खाल्ले आणि त्या चौघांना माहीत होतं की तासाभरात माझं पात्र संपणार आहे. मी मात्र त्याच्या पुढच्या डावाचे कागद घेऊन बसलो होतो, चार पानं लिहून आणली होती. त्या पाचांत मी नव्हतो असं वाटलं. शाळेपासून पहिल्यांदा.

नाइकालाही माहीत नव्हतं, तिनं नंतर फोन केला होता. तिला इथून थँक्यू.


माचीवरून

तू लिहिलंस ते चार वेळा वाचलं. तुला फोन करणारच आहे, पण चूक सगळ्यांच्या देखत झाली म्हणून इथेही लिहितो. तो ग्रुप मी काढला होता. सूत्रधारानं एकाच्या पाठीमागे बाकीच्यांबरोबर बसायचं नसतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खेळातला घात लपवताना मी खेळाडूलाच बाहेर ठेवलं. माफ कर. तुझी चार पानं मला वाचायची आहेत, मोहीम चालो न चालो.

आगीच्या वर्णनाबद्दलही नाइकाशी बोललो. लहानपणी तिच्या आजोळी गोठा जळाला होता. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.


तंतुवाद्य

याच्यासाठीच सेशन झिरो, म्हणजे खेळाआधी बसून काय चालेल, काय नाही ते ठरवायची बैठक, असतं माचीवरून, आणि ते मोहिमेच्या मध्येही घेता येतं. रेघ आणि पडदा एवढं तरी ठरवा. रेघ म्हणजे आपल्या टेबलावर येणारच नाही अशी गोष्ट. पडदा म्हणजे घडेल, पण वर्णन होणार नाही, ‘सकाळी तिथे राख होती’ एवढ्यावर पुढे जायचं. आणि मध्यभागी फुली काढलेला एक कागद. त्याला कोणीही बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. फुलीचा कागद आमच्याकडे दीड वर्षात दोनदाच वापरला गेला. तो आहे म्हणून लोक मोकळेपणानं खेळतात.


हळदगंध

आणि तुमच्या पेवगावातल्या पेवांचा उपयोग करा हो. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, २००५ च्या महापुरात पाण्यात गेली. जुनी माणसं सांगतात, पेवाचं तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. कोंडलेली हवा जीव घेते. आधी उघडं ठेवायचं, वारं जाऊ द्यायचं, मग माणूस उतरवायचा. हे मी तुमच्या खेळासाठी लिहितेय, पण टेबलासाठीही घ्या. लगेच खेळायला बसू नका.


माचीवरून

तीन आठवड्यांनी लिहितोय.

पहिल्या रविवारी फासे काढलेच नाहीत. सहाही जण आले. यवतेश्वरच्या घाटात गाडी लावून पावसात बसलो, बोललो. शिपाई खेळणारा मित्र सुरुवातीला चिडला होता, सगळे माझ्यावरच का म्हणून. मग त्यानं स्वतःच सांगितलं की चार सत्रं दिवाणजी बोलत होता आणि त्याला तलवार काढायची संधी एकदाही आली नव्हती. हळदगंधताई, तुम्ही बरोबर ओळखलं होतं. ही चूक माझी, मी गावाला तलवारीच्या कामाचं काही दिलंच नव्हतं.

ठरलं ते असं. आग ही रेघ, यापुढे कधीच नाही. विष चालेल, पण ज्याला द्यायचं त्याला आधी विचारून. चोरून ग्रुप काढायचा नाही. मांत्रिकाला परत जिवंत करू का विचारलं, तर तो नको म्हणाला. त्याच्या चार पानांत मांत्रिकाची एक धाकटी बहीण होती, भावाचं काय झालं ते शोधत पेवगावात आलेली. तेच त्याचं नवं पात्र. तिला काय पाहिजे ही ओळ त्यानं सगळ्यांसमोर वाचली आणि वैदीण खेळणारी मैत्रीण म्हणाली, ये, मी वाट बघते.

सावकारही दारात आणून उभा केला, तंतुवाद्य. पाचही जण त्याचे देणेकरी निघाले. त्या सत्रात पाचही जण पहिल्यांदा एका बाजूला बसले.

दुसऱ्या रविवारी लाल वही आणली, राजवाड्याजवळच्या दुकानातून. पहिलं पान वाड्याचं असावं असं मलाच वाटत होतं, पण मी म्हणालो नाही. शिपायानं वही ओढून घेतली आणि मान खाली घालून बराच वेळ लिहीत बसला. मग वाचलं. ‘बिरू, वय नऊ. त्याची आई. मेंढरं अकरा.’ तिथे थांबून मला विचारलं, त्यांचं कुत्रं होतं का? मी आधी ठरवलेलं नव्हतं. होतं म्हणालो. त्यानं तेही लिहिलं आणि नाव विचारलं.


रिकामा फासा

कुत्र्याचं नाव खंड्या. ते आगीतून वाचलंय. पुढच्या रविवारी ते माझ्या पात्राबरोबर येणार आहे, सूत्रधाराची परवानगी घेतलीय, शिपायाचीही.


हळदगंध

पुढच्या रविवारी मी सांगलीहून सकाळच्या एसटीनं येतेय, नुसती बघायला. चालेल ना? येताना भडंग आणते.


माचीवरून

चालेल ताई. स्टँडवर घ्यायला येतो.